टॉवेलावरचा डॉल्फिन

आणतो, चहा आणतो काकू, दोन, एकात साखर कमी, ऐकलं मी... पण त्याआधी मला एक सांगा, सगळ्यांनीच सांगा, अजून पोचायला वेळ आहे, डॉल्फिन काही पळून जात नाहीत, म्हणजे जातात, पण ते आपण पोचल्यावर. तर माझ्या कपाळावर काही लिहिलंय का? 'हा कामावर आलाय' असं? कारण मघाशी तुम्ही बोटीवर चढलात तेव्हा इथे मी उभा, तिथे तो आमचा खलाशी रमदान उभा, मधे हा खांब उभा, आणि पिशव्या कुणाच्या हातात दिल्यात? आता तुमची चूक नाही म्हणा, आज मी कामावरच आहे. पण ज्या दिवशी नव्हतो त्या दिवशीसुद्धा लोकांनी माझ्याच हातात पिशव्या दिल्या, हे माझं दुखणं, आणि मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होतो, अहो, मी सुट्टीवर आलोय!

तुम्ही उत्तरेकडची, तांता शहरातली मंडळी, तुम्हाला नाही कळायचं. तांताचा माणूस इथे हुरघाद्याला आला की लोक विचारतात, कुठल्या हॉटेलात उतरलात? आम्ही दक्षिणेतले, सोहागकडचे, सईदी म्हणतात आम्हाला. आमचा माणूस आला की विचारतात, कुठल्या हॉटेलात लागलास? एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दात आमचं अख्खं गाव गेलंय. मी बसमधून उतरलो, पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच एकानं माझा दंड धरला. "आलास? चल लवकर, तिसऱ्या मजल्यावरचा संडास तुंबलाय." मी म्हटलं, "काका, मी सुट्टीवर आलोय." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, इतका हसला की पलीकडच्या टॅक्सीवाल्याला बोलावून घेतलं, "ए, इकडे ये, हे ऐक, सोहागचा आहे आणि म्हणतो सुट्टीवर आलाय!" टॅक्सीवाला म्हणतो, "बायकोनं हाकललं असेल." अहो, माझं लग्न झालेलं नाही! मी कॉलेजात शिकतोय, जनावरांचा डॉक्टर व्हायला एक वर्ष उरलंय. म्हशीचं पोट फुगलं तर नेमकं कुठे टोचायचं, विचारा मला... नको, राहू दे, तुम्हाला चहा प्यायचाय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, उचल दोन पिशव्या, घे बक्षिशी, हो मोकळा. नाही. मी ठरवून आलो होतो. बापाला शब्द देऊन आलो होतो. माझा बाप, अब्दुल-आल, ह्याच गावात एका मोठ्या हॉटेलाच्या धोबीखान्यात होता. तळघरात. समुद्र भिंतीपलीकडे, पण मशिनींच्या घरघरीत लाट ऐकू यायची नाही, आणि नोकरमाणसांनी किनाऱ्यावर फिरकायचं नाही असा दंडक. महिन्यातून एकदा घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला साबणाचा वास यायचा, आम्हा पोरांना वाटायचं समुद्राचा वास असाच असतो. पाठ कामातून गेली तेव्हा कायमचा घरी आला, आणि तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत त्या माणसाचं पाऊल पाण्याला लागलेलं नाही. समुद्रातलं एकच जनावर त्यानं पाहिलं, डॉल्फिन, तोही टॉवेलावर. निळे टॉवेल, कोपऱ्यात डॉल्फिन, हसणारा. धुवायचा, वाळवायचा, आणि घडी अशी घालायची की डॉल्फिन वरच आला पाहिजे, नाहीतर मुकादम अख्खी चळत परत उलगडायला लावायचा.

तर माझा निकाल लागला, पास झालो, आणि बाप म्हणाला... तो हळू बोलतो, घडी घालता घालता बोलल्यासारखा... "शाझली, तू हुरघाद्याला जा. कामाला नाही, सुट्टीला. बोटीवर खुर्चीत बस. कुणीतरी तुला चहा आणून देईल, तो पी, आणि ग्लास उचलायचा नाही, जिथे संपला तिथेच ठेवायचा. मग पाण्यात उतर आणि बघून ये, ते खरंच हसतात का." एवढंच. मी म्हटलं, "बाबा, शब्द." आता अशा शब्दापुढे तिसऱ्या मजल्याचा संडास म्हणजे काय हो? कुणीही येऊ दे, काहीही तुंबू दे, मी सुट्टीवर आलोय!

तर हीच बोट. हाच धक्का. अंगात इस्त्रीचा शर्ट, इस्त्री बापाच्याच हातची, कडक, हातात तिकीट, तोंडावर सुट्टी. आणि वरून आमचे कप्तान, रईस खिदर, ते बघा वर चाक धरून बसलेत, ऐकू येतंय त्यांना सगळं, येऊ दे, तर ते ओरडले, "एवढा उशीर? बर्फाची पेटी उचल!" मी तिकीट दाखवलं. रईस म्हणतात, "शाब्बास, कुणाचं पडलं होतं? विचार सगळ्यांना." "रईस, माझंच आहे. मी सुट्टीवर आलोय." "अस्सं? मग पेटी आत ठेव आणि ये सुट्टीवर." समोर हा रमदान पेटीचं एक टोक धरून वाकलेला, सर्दीनं बेजार, डोळे लाल, नाक गळतंय... आता माणूस नुसता बघत उभा राहतो का? उचलली. तिथेच चुकलं. एकदा पेटी उचललेला माणूस पुन्हा पाहुणा होत नाही, गाठ बांधून ठेवा.

तरी मी हरलो नाही. खुर्ची पकडली. ती बघा, निळी, पुढची, सावलीतली... हाजी, तिच्यावर नका बसू, ती राखून ठेवलीय, का ते सांगतो. मी पायावर पाय टाकून बसलो. लगेच कैरोच्या एक बाई आल्या, शहीरा मॅडम, अर्धा चेहरा गॉगलात. "बाळा, ते पोहायचे रबरी पाय घालून दे ना माझ्या पायात." मी म्हटलं, "मॅडम, मी सुट्टीवर आलोय." "किती छान! मग जायच्या आधी एवढे घालून जा." घातले. काय करणार, वयानं आईएवढ्या. मग एक रशियन आला, त्यानं टॉवेल मागितला. त्याच्याकरता मी सुट्टीला रशियन भाषेत काय म्हणतात ते रमदानला विचारून घेतलं आणि सांगितलं. तो इतका खूश झाला, त्यानं माझा हात हातात घेतला, गदागदा हलवला, आणि त्या हातात कॅमेरा दिला, माझा फोटो काढ म्हणून.

आणि चहा? अहो, चहाचं तर विचारूच नका. रमदान ट्रे घेऊन निघाला. कैरोवाल्यांना दिला, रशियनाला दिला, ट्रेमधे शेवटचा एक ग्लास, आणि रमदान माझ्याकडे येतोय... येतोय... मला बाप आठवला, म्हटलं बाबा, बघा, आणून देतायत... आणि रमदाननं ट्रे माझ्या हातात दिला आणि शिंकायला गेला. मागून कुणीतरी तो ग्लास उचललाही. रिकामा ट्रे घेऊन मी उभा, आणि लोक माझ्याकडे साखर मागतायत!

एवढ्यात रईस ओरडले, "आले! आले!" धाड धाड सगळे पाण्यात. मीही निघालो तर रमदाननं खेचलं, "जाकीट!" पाहुण्यानं केशरी जाकीट घालायचं, नियम आहे. बघा, इथे मात्र मी पाहुणा. घातलं, उडी मारली. आता पोहण्याचं मला सांगू नका, आमच्या गावच्या कालव्यात मी म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकलोय आणि पुढे म्हशीला मागे टाकलंय. पण कालव्याचं पाणी गोडं हो! इथलं खारट पाणी माणसाला आत घेतच नाही. वर जाकीट. मी डोकं खाली घालतो, बूड वर येतं. बूड खाली दाबतो, डोकं वर. आणि डॉल्फिन कुठे? खाली, पार तळाशी, वाळूजवळ, गोल गोल, निवांत. वर आम्ही सगळी केशरी मंडळी बुचासारखी तरंगतोय, शहीरा मॅडम रशियनाच्या डोक्यावर पाय मारतायत, तो रशियाला पोचेल इतक्या लांब निघालाय... आणि मला खाली फक्त सावल्या दिसतायत. सावलीचं तोंड हसतंय का नाही, कसं सांगू बापाला?

बाहेर आलो. परत उडी. परत तेच. जाकीट फेकून उडी मारली, रईसनी वरून आईबहिणीची आठवण काढली, तरी खाली जाता येईना. शेवटी लोक चढायला लागले, अंग पुसायला लागले, मी आपला पाण्यातच. "चढ रे!" "नाही." "ओठ निळे पडलेत!" "पडू दे. मी सुट्टीवर आलोय!"

आता खरी गोष्ट ऐका. बोट हलवायची तर खालची दोरी सोडायला हवी, तळाशी बांधलेली असते ती. ते काम रमदानचं. पण त्याचे कान सर्दीनं गच्च, खाली गेला तर कान फुटायचा. रईस कठड्यावर आले, हातात शिशाचा पट्टा, तो कमरेला बांधला की माणूस सुळकन खाली. माझे डोळे त्या पट्ट्यावर. मी म्हटलं, "रईस, द्या तो पट्टा." रईस म्हणाले, "पाहुण्याला देता येत नाही." मी म्हटलं, "फक्त एकदा." ते म्हणाले, "हे बघ पोरा, पाहुणा असशील तर वर तरंगायचं. पट्टा माणसांना मिळतो, कामावरच्या. आता तूच सांग, तू कोण?"

तुम्हाला सांगतो, मी पाण्यात शिडी धरून लोंबकळत होतो. एवढा प्रवास, एवढे अपमान, संडासापासून ट्रेपर्यंत, सगळ्यांना एकच सांगत आलो. आणि बापानं दोन गोष्टी सांगितलेल्या, खुर्चीत बस आणि बघून ये. दोन्ही एकदम होत नव्हत्या हो! खुर्चीत बसलेल्याला ते दिसत नव्हते, आणि ज्याला दिसणार होते त्याला खुर्ची नव्हती. खाली सावल्या फिरत होत्या. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "रईस, मी कामावर आहे."

पट्टा बांधला, आणि गेलो खाली. शांत. दोरीची गाठ सोडली, मान वर केली, आणि हा असा, ह्या काकू बसल्यात ना, एवढ्या अंतरावर तो. राखाडी, पोटाशी फिका, पाठीवर जुना ओरखडा. थांबला. माझ्याकडे बघायला लागला, एका डोळ्यानं, शांतपणे. त्यानं मला काही आणायला नाही सांगितलं. पिशवी नाही दिली. मी वळलो की तो वळायचा, मी हात पसरले की तो आडवा व्हायचा. आम्ही दोघं वर यायला लागलो, बरोबरीनं, जोडीनं चालतात तसे. छाती फुटायला आली तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण मला तेच बघायला पाठवलं होतं. पाण्याबाहेर डोकं काढलं आणि रडलो. समुद्रात एक बरं असतं, कुणाला कळत नाही.

त्या संध्याकाळी बापाला फोन लावला. म्हटलं, "बाबा, हसत नाहीत ते. तोंडाची ठेवणच तशी. तोंड हसतं, डोळे मात्र आपल्या कामात असतात." बाप म्हणाला, "म्हणजे नोकरीतच आहेत की रे ते. माझंही तोंड तसंच असायचं." आणि मग हळूच, "एकदा बघायला पाहिजेत."

इकडे रईस म्हणतात, "उद्या ये, रमदानची सर्दी मुरलीय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी म्हटलं येतो, कॉलेज उघडेपर्यंत येतो, पण एका अटीवर. एक दिवस माझ्या बापाला पाहुणा म्हणून न्यायचं. ती निळी खुर्ची त्याची. चहा मी नेऊन देणार, आणि त्यानं ग्लास उचलायचा नाही. रईस म्हणाले, कबूल.

तर तो दिवस आजचा. म्हणून ती खुर्ची राखलीय, हाजी. बाप पहाटेच्या बसनं आला, अंगात पांढरी पायघोळ गलाबिया, नवा रुमाल. रईसनी स्वतः हात धरून चढवलं, म्हणाले, "या पाहुणे!" तर बाप मागे वळून बघायला लागला, कोण पाहुणे आले म्हणून. पाठीमुळे पोहता येणार नाही, पण शिडीवर बसून पाय सोडीन म्हणालाय. मी त्याला खुर्चीत बसवलं, पाय लांब करायला लावले, म्हटलं, आता हलायचं नाही. आणि तुमच्या पिशव्या घ्यायला वळलो, एवढंच.

आता खुर्ची बघा. रिकामी.

मागे बघा, टॉवेलांच्या ढिगाशी. तो म्हातारा दिसतोय ना, घड्या घालतोय, सगळे डॉल्फिन वर? बाबा! ठेवा ते! इकडे येऊन बसा, चहा आणतोय, तुम्ही सुट्टीवर आलायत!

ऐकलंत काय म्हणाला? म्हणाला, "हो रे, एवढे झाले की येतोच सुट्टीवर."

काकू, तुमचे दोन, एकात साखर कमी... आणतो. काय करणार.