कंट्रोलची हवा

आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, आता शांत झोपा!" अहो, झोपा काय झोपा? नाकातोंडावर मास्क, मास्कला मनगटाएवढी जाड नळी, नळीच्या टोकाला घूंऽऽ करणारा डबा, आणि डोक्यामागून तीन पट्टे असे आवळलेले की कूस बदलायची तर आधी डब्याला विचारायचं! व्हिक्टोरियाच्या घोड्याला तोबरा बांधायचे ना, त्यात निदान चणे तरी असायचे हो... माझ्या तोबऱ्यात नुसती हवा. आणि ती हवा तरी खरी की खोटी? मला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही! तुम्हाला सांगतो, शाळा सातवीत सुटली, पण चाळीस वर्षं लालबागेत मिरची विकतोय. गोणीत हात घातल्याशिवाय मी माल घेत नाही!

आता म्हणाल, हे झेंगट गळ्यात आलं कसं? तर मला गल्ल्यावर डुलकी लागते. लागते म्हणजे काय, गिऱ्हाईक "अर्धा किलो बेडगी" म्हणेपर्यंत मी जागा, पुडीला दोरा गुंडाळेपर्यंत आडवा! परवा घोडपदेवच्या एक बाई मसाला कुटायला घेऊन आल्या, बाकावर बसल्या, वीस मिनिटं वाट बघितली. मग मला हलवून म्हणतात, "शेठ, आधीच्यांचं कुटून कधी व्हायचं?" म्हटलं, "कोणाचं? डंक बंद आहे, सकाळपासून लाइट नाहीये." तर म्हणतात, "मग एवढा वेळ चाललंय ते काय?"

काय असणार? मी!

हसा, तुम्ही हसा. घरी कोणी हसत नव्हतं. माझा थोरला भाऊ राजाराम बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेला. तोही असाच घोरायचा. तेव्हापासून आमची कौसल्या, माझी बायको, मूळची मालवणकडची, रात्री माझ्या छातीवर हात ठेवून बसते. मी म्हटलं, "अगं, माझ्या घोरण्याचा त्रास होतो तर बाहेरच्या खोलीत झोप." तर म्हणते, "घोरतास तवसर बरा ओ! गप झालास की माझो जीव जाता. काल तेवीस मोजलंय मी, तेवीस! मगे तुमी श्वास घेतलास."

दुसऱ्याच दिवशी गेलो.

परळच्या एका हॉस्पिटलात नाक-कान-घशाच्या डॉक्टर अनुजा. पोरगी हुशार. नाकात बॅटरी मारली, "पडदा वाकडा", घशात मारली, "रस्ता अरुंद", एक रात्र अंगाला वायरी चिकटवून झोपवलं, "काका, तासाला अठरा वेळा तुमचा श्वास अडतो." मग म्हणाल्या, "आमचा एक अभ्यास चालू आहे, तीन महिन्यांचा. काहींना हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं खरं मशीन, काहींना तसंच दिसणारं, पण हवेला दाब नसलेलं. शेवटी खरं मशीन सगळ्यांना मिळेल. तुम्ही खऱ्या ग्रुपमध्ये असाल, नाहीतर कंट्रोलमध्ये."

कंट्रोल! अहो, आमच्या पिढीला कंट्रोल म्हणजे काय? रेशनचं दुकान! कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलचं रॉकेल, पिशवी घेऊन दोन तास उभं राहायचं आणि घरी येऊन खडे निवडायचे! मी हातच जोडले, "बाई, मला कंट्रोलचं नको, खुल्या बाजारातलं द्या, काय असेल ते होऊ दे." तर हसून म्हणतात, "काका, कोणाला काय मिळालं ते मलाही कळत नाही. बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते." म्हणजे विकणारा आंधळा, घेणारा आंधळा! मी? जो गोणीत हात घातल्याशिवाय माल घेत नाही, तो?

पण सात पानी फॉर्ममध्ये एक वाक्य सापडलं, "सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, अभ्यासातून बाहेर पडू शकते." दोनदा वाचलं. म्हटलं, चला, मागचं दार उघडं आहे. केली सही. खाली साक्षीदार, कौसल्या.

बारा रात्री काढल्या. तेराव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आलो, कौसल्या बाजारात गेलेली... आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हटलं, मिरची पारखायची तर वास घेतो, मग हवा का नाही? डब्याच्या मागे हवा आत जायची खिडकी असते, तिथे स्पंजचा तुकडा होता. मला वाटलं पॅकिंगचा असेल, काढून टाकला. मास्क चढवला, पट्टे आवळले, आणि खिडकीपाशी धरली चिमूटभर लवंगी मिरचीची पूड. खरं मशीन असेल तर वास येईल, कंट्रोलचं असेल तर नाही. साधा हिशेब!

वास? अहो, वास कसला... लवंगी स्वतः आली! सगळीच्या सगळी! शिंक यायच्या आत दुसरी शिंक, डोळ्यांतून धारा, पट्टे मागे, हात पुढे, सोडवायला जावं तर आणखी आवळतात, बटण दिसेना, नळी ओढली तर डबाच अंगावर! शेजारचा वरद धावत आला, त्याने मास्क काढला आणि तोही शिंकायला लागला... आणि मी त्या आगीतही ओरडतोय, "खरं आहे रे! माल खरा आहे!"

दुसऱ्या दिवशी सुजलेलं नाक घेऊन डॉक्टर अनुजांसमोर. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, हवा दोन्ही मशीनं ओढतात. मिरची दोन्हीत आली असती."

म्हणजे? नाक गेलं आणि कळलं काहीच नाही! मी उठलोच, "बस. मी बाहेर पडतो. कारण न देता!" त्या शांतपणे म्हणाल्या, "जरूर. इथे सही करा." पेन उघडलं. बाकावर कौसल्या. भांडली नाही, काही नाही. हळूच म्हणाली, "करा सही. मगे मी परत मोजूक बसू?"

...पेनाला टोपण लावलं. काय करणार!

आता रोज दहाला तोबरा. डब्याची घूंऽऽ सुरू झाली की कौसल्या अशी गाढ झोपते, अशी गाढ झोपते... की घोरते! मी छताकडे बघत पडलेला. मध्येच ती गप्प होते. मी मोजतो... नऊ... दहा... अकरा... हात लांबवावा तर नळी पुरत नाही, हाक मारावी तर तोंड बंद. पंधराव्या आकड्याला ती पुन्हा घोरली, आणि तुम्हाला सांगतो, एवढं बरं मला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

काल तिलाही घेऊन गेलो. डॉक्टर अनुजा म्हणाल्या, "काकू, तपासणीत तुमचाही श्वास अडतो असं निघालं तर तुम्हीही या अभ्यासात. कंट्रोलमध्ये कोण, ते चिठ्ठी ठरवेल."

म्हटलं, बाई, पाकीट कशाला फोडताय? चौतीस वर्षं झाली लग्नाला... कंट्रोलमध्ये कोण आहे, ते मला विचारा!