तुळजाबाईच्या भुजंगासाठी चव्वेचाळीस शेल

…आता शेल म्हंजे काय हरभरे हायेत का हो, की गेलं कोनाच्याबी दारात अन् म्हनलं, घाला पायलीभर? टार्चातले शेल! लढाई चालू हाय, जालन्याच्या बाजारात शेल मागितला तर दुकानदार असा पाह्यतो जसं काई म्या त्याची पोरगीच मागितली… अन् मला पाह्यजेत किती? साठ! तुमाला सांगतो, त्या दिवशी माझी अक्कल कुठं चरायला गेल्ती कोन जाने, न्हाईतर म्या तुळजाबाईला 'हौ' म्हनलोच नसतो!

तुळजाबाई म्हंजे हसनाबादची आमची शेजारीन, भिंतीला भिंत. एकच पोरगा, भुजंग. तो गेला फौजेत. चार साल झाले, मिसर का कुठं, तिकडं वाळूत हाय. चार-सहा महिन्याला चिठ्ठी येती. अन् वाचतं कोन? बद्रीनाथ मास्तर. उत्तरबी तोच लिहितो, तांबडी गाय गाभन हाय इथपोवतर. अन् वाचतो कसा? नाकातून! "तींर्थंस्वरूंप मांतोश्रींस बांलके भुंजंगचे सांष्टांग नमंस्कार…" तुळजाबाई म्हनती, "मच्छिंद्र, माझ्या पोरानं उभ्या जल्मात मला मातोश्री म्हनलं न्हाई रे. 'ऑ माय' म्हनायचा, वावराच्या पल्याडून हाक मारल्यावानी. चार साल झाले, माझा भुजंग मास्तराच्या नाकातून बोलून राह्यला!"

हसू नका… म्याबी हसलो होतो. पन मंग ती हळूच म्हनली, "लोक म्हनतात, तो कवाच गेला. बायांनी रडून पाय धरू नये म्हनून सरकारच चिठ्ठ्या लिहितं. खरं हाय का रे?"

तर यंदा फागुनात चिठ्ठी आली, की 'फागुनाच्या शेवटच्या बेस्तरवारी, सांजच्याला सात वाजता, दिल्लीच्या रेडिओवर माझा आवाज लागनार हाय, घरच्यांनी ऐकावा.' तुळजाबाई मास्तराच्या वट्ट्यावरून उठली ती सरळ माझ्या दारात. कारन सबंध गावात रेडिओ एकच, माझा. त्याला रेडिओ म्हनायचं का, ते तुमी ठरवा! मी जालन्याच्या कापसाच्या जिनात फिटर. तिथल्या सायबानं मोडका रेडिओ फेकून देल्ता, त्याची हाडं आनली, खोक्याच्या फळीवर बसवली, तीन काचेचे दिवे, व्हाल्व म्हनत्यात ते, वरती उघडे. ना डबा, ना दार. आमच्या घरची त्याला 'माझी सवत' म्हनती. "आली का सवत जालन्याहून? उतरा, पाय धुवा!"

जालन्यात ती सवत बराबर चालती, जिनाच्या डायनामोवर. पन हसनाबादला? वीज? अवो, रॉकेल मिळालं तर आमची दिवाळी! अन् ह्या बयेला दोन जागचं जेवन लागतं. दिवे तापवायला तेजाबाची बॅटरी, दोनच व्होल्टाची, ती एक. अन् आवाज काढायला नव्वद व्होल्टाचा जोर, तो अलग. नव्वद आनता कुठून? एका शेलात दीड. साठ शेल एकाला एक जोडले की झाले नव्वद. हिशेब सोपा! एकाची टोपी दुसऱ्याच्या बुडाला, टोपीला बूड, बुडाला टोपी… झालं! सोपा म्हनून तर फसलो ना.

तेजाबाची बॅटरी जिनात भरून घेतली, बैलगाडीत गवतावर मांडीत धरून बसलो, लेकरावानी. गाडीवान म्हनतो, "दादा, पोरगा का पोरगी?" नाल्यात गाडीनं हिसका देल्ला, अन् तेजाब सांडलं धोतरावर. मला वाटलं पानी. बिलकुल पानी न्हाई! हसनाबाद येईपोवतर धोतराची चाळनी! वेशीपासून घरापोवतर मी गोनपाट गुंडाळून गेलो, अन् लोक काय इचारून राह्यले? "रेडिओ लागनार न्हवं?"

मंग शेल! दारोदार! जोगवा मागत्यात तसा! देत होते हो लोक, न्हाई म्हनत न्हाई मी. सोनूबाई सुईनीनं एकच शेल होता तो देल्ला. म्हनली, "भुजंगाला म्याच बाहेर काढलं. म्या आता अंधारात जाईन बाळंतपनाला, मला रस्ते पाठ हायेत." अन् रामराव पाटलांनी तीन देल्ले. पन अटी किती! "मी म्होरं बसनार. माझे तिन्ही जवळजवळ ठेव. अन् आवाज आला की सांगायचं, ह्यो पाटलांच्या शेलचा जोर हाय!" अहो पाटील, जोर काय शेलवर नाव टाकून येतो का?

सगळे मिळून झाले चव्वेचाळीस. साठाला सोळा कमी, पन म्हनलं, आवाज बारीक येईल, येईल तर खरा. निम्मे तर मेलेले. पन मेला शेल उन्हात ठेवला की घडीभर उठून बसतो, तुमाला माहीतच हाय. बाजेवर फडकं टाकून वाळत घातले. आमची घरची चिडली, "लोकांच्या बाजेवर कुरड्या, आमच्या बाजेवर शेल. रातच्याला काय तळून वाढू?"

आता जोडायचे कसे? गेलो ख्वाजामियाँकडं. ख्वाजामियाँ कलईवाला, भांड्याला कलई करतो, सांध्याला डाग त्याच्यावानी कोन देत न्हाई. म्हनलं, चाचा, ह्या शेलला पितळी पट्ट्यांचे डाग द्या, टोपीला बूड, बुडाला टोपी. तो म्हनतो, "अरे मच्छिंदर, मैं पतीलेवाला आदमी, मेरेकू ये टोपी-बूड का क्या समजता? किसका काम है, बोल?" म्हनलं, तुळजाबाईचं. भाता हलवायचा थांबला. "भुजंग की अम्मा का? ला, इधर ला सब." दोन दिवस पतीले बाजूला, भट्टीवर नुसते शेल! मी मोजून राह्यलो, तो डाग देऊन राह्यला, टोपीला बूड, बुडाला टोपी, चार रांगा, अकरा-अकरा. मधात त्याचा घामेजला हात दोन्ही टोकांना लागला. "या अल्ला!" उडाला ना हातभर! "अबे, इसमें भुजंग है क्या बिच्छू है?"

अन् खरा धोका तर पुढंच होता. रेडिओकडं चार तारा जानार, दोन तेजाबाच्या, दोन शेलच्या. शेलच्या तारा चुकून दिव्यांच्या तोंडात गेल्या की फट्! तिन्ही दिवे खतम. दुसरे आनायचे तर मुंबई! म्हनून जोड असे पाह्यजेत, की एकाचं दुसऱ्यात घुसायलाच नको. तेजाबाला जाड्या खुंट्या केल्या, जिनातल्या पितळाच्या. पन शेलला बारीक पेच पाह्यजे, बराबर आट्याचा. शोध शोध शोधला… शेवटी घरचीच्या कानाकडं ध्यान गेलं. कुडीच्या फिरक्या! ती म्हनली, "पाहून राह्यले काय? इसरा!" मंग दिवसभर माझ्याशी बोलली न्हाई. अन् बेस्तरवारी सकाळी उठून पाह्यतो तर माझ्या फळीवर दोन्ही फिरक्या ठेवलेल्या, अन् ही कानात तुळशीची काडी घालून भाकरी थापून राह्यली. म्हनलं, अगं… म्हनली, "जवळ येऊ नका, तवा तापलाय."

सोन्याचा जोड! करंट राजावानी गेला असता हो… गेला असता!

सांजच्याला अंगनात ही गर्दी. मास्तर घड्याळ घेऊन सगळ्यात म्होरं. म्या सांगितलं, सातच्या आधी चालू करनार न्हाई, शेलमध्ये जीव घडीभराचा हाय. तरी एकजन, "नुसतं एक गानं!" दुसरा, "कापसाचा भाव तर ऐकू दे!" तुळजाबाई मातुर नवं लुगडं नेसून, डोईवर पदर, त्या तीन दिव्यांकडं टक लावून बसलेली. सातला पाच मिनिटं कमी असताना मी फिरक्या आवळल्या, खुंट्या घातल्या, दिवे लाल झाले… अन् आवाज? काईच न्हाई! खरखरसुद्धा न्हाई!

तुमाला सांगतो, झट्कन खाली वाकलो. शेलच्या रांगा चाचपल्या, टोपीला बूड, बुडाला टोपी, टोपीला बूड… अन् तिसऱ्या रांगेत दात पडल्यावानी फट! तीन शेल गायब! कोनाचे? पाटलांचे! मास्तर म्होरं बसला ना, त्याचा राग. मागून कळलं, गर्दीतच अडकित्त्यानं पट्ट्या कापल्या, शेल कोपरीत घातले, अन् पाटील गेले घरी!

"तीन मिनिटं," मास्तर म्हनतो, नाकातून. आता डाग कवा देता अन् पट्टी कुठून आनता? तेवढ्यात ख्वाजामियाँ उठला. हातात त्याचा लांब चिमटा. मुठीला फडकं गुंडाळलं, अन् चिमट्याचं एक टोक फटीच्या ह्या बाजूला, एक त्या बाजूला. दाबून धरलं. खर्रर्र… आला! जीव आला!

"हिलूँ क्या?" "न्हाई चाचा!" "नाक पे मक्खी बैठी." "बसू द्या चाचा!"

आवाज कसा, तर मुंगीनं कानात सांगितल्यावानी. सगळं अंगन कान लावून पुढं सरकलं. एक शिपाई बोलला, कुठला सातारचा. दुसरा बोलला. अन् मंग, "औरंगाबाद जिल्हा, मौजे हसनाबाद, शिपाई भुजंग…"

अन् सुरू काय झालं? "तीर्थरूप मातोश्री, मी येथे खुशाल आहे. आपण काळजी करू नये…" कागदावर लिहून देल्लेलं, एका दमात वाचलेलं! तुळजाबाईनं मान हलवली. "ह्यो न्हाई. ह्यो माझा न्हाई, मच्छिंद्र. ह्यो मास्तरावानीच बोलून राह्यला." मला वाटलं, धरती फाटावी. चव्वेचाळीस शेल, धोतर, फिरक्या, कशासाठी केलं हे सगळं?

कागद संपला वाटतं. अन् मंग त्या फळीतून, मोठ्यानं, वावराच्या पल्याडून आल्यावानी… "ऑ माय! तांबडी व्याली का वं?"

अन् तुळजाबाई ताडकन उठली! त्या दिव्यांच्या तोंडाशी जाऊन वरडली, "व्याली रे बाबा! कालवड झाली! तुझ्यावानीच वांड हाय!"

तिकडं कोनीतरी त्याला ओढलं असंल, दुसरा शिपाई लागला. पन ही कुठं थांबती? विहिरीला पानी हाय, चुलता सुधरला, तू जेवतो का, वाळूत रातच्याला थंडी लागती का… बोलतच राह्यली. शेल मेले, आवाज गेला, तरी बोलतच राह्यली. रेडिओ नुसता ऐकवतो, आपलं तिकडं नेत न्हाई, हे सांगायची माझी छाती झाली न्हाई. ख्वाजामियाँकडं पाह्यलं, तर तो तसाच चिमटा दाबून, दाढी ओली. म्हनलं, चाचा, सोडा आता, शेल खतम झाले. "चुप बैठ," म्हनला, "अम्मा की बात अधूरी है."

अन् भिंतीपल्याड कोन उभं, माहीत हाय? रामराव पाटील! तोंड झाकून, नाक शिंकरत!

इथं गोष्ट संपली पाह्यजे होती का न्हाई? पन दुसऱ्या दिवशी तुळजाबाई हजर. "मच्छिंद्र, मास्तर म्हनतो ह्यातून आपलं बोलनं जात न्हाई. मंग जाईल अशी मशीन कर." आता तशा मशीनला सरकारचा परवाना लागतो, लढाईत तर देतच न्हाईत, तारा लागतात, दिवे लागतात… किती सांगता? टाळायचं म्हनून म्हनलं, "माय, दोनशे शेल लागतील." वाटलं, सोडंल नाद. पाटलांनी त्याच दिवशी तिला तीन आनून देल्ले! आता ती जाफराबादपोवतर फिरून राह्यली. पोतं घेऊन!

अन् परवा चिठ्ठी आली, भुजंगाला सुट्टी मिळाली, जेठात घरी येतो. मी पळतच गेलो. म्हनलं, माय, सुटलो! पोरगाच येऊन राह्यला, आता मशीन कशाला?

तर म्हनती कशी, "तो येतोच हाय रे. मला त्याच्या सायबाशी बोलायचं हाय, पोरगं परत देनार न्हाई म्हनून!"