बावीस नंबरची फुली

...अहो पण हात माझा हाय, तर त्यानं माझं ऐकायला नको? तुम्हाला सांगतो, शिरूरला दाताच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागलो तवा रश्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं हुतं, "सुमित, आधी मी बोलणार, मग तू लिहिणार." बास, यवढंच काम! मॅडम पेशंटच्या हिरडीत रेघांची बारीक सळई घालून खोली मोजणार, "तीन, दोन, तीन" म्हणणार, आन् मी तक्त्यावर उतरवणार. एका दाताला सहा आकडे, तीन बाहेरनं, तीन आतनं, तीन मिलिमीटरपर्यंत बरं, त्याच्या पुढं गेलं की हिरडी सुटत चालली, रक्त आलं तर लाल टिंब, आन् दातच नसंल तर फुली. आधी बोलणं, मग लिहिणं. शेंबडं पोरबी करंल!

पण मी आलोय कुठनं? रांजणगावच्या एका कंपनीतनं! चार वर्षं क्वालिटीला हुतो, गेज लावायचं, रीडिंग भरायचं, आन् आता तुमच्यापाशी काय लपवायचं, पार्ट मशीनवरनं उतरायच्या आत आम्ही शीट भरून मोकळं! रोज तेच रीडिंग येतंय म्हणल्यावर वाट कशाला बघा? तीच खोड हाताला लागली.

वडगाव रासाईचे बन्सीमामा आले. मॅडम पहिल्या दाढेवर, आन् मी आपलं तीन-दोन-तीन, तीन-दोन-तीन करत चार दात पुढं. मॅडम बोलत गेल्या, सगळं बरोबर! मनात म्हणलं, वा रं पठ्ठ्या! तेवढ्यात पुढच्या घरात हातानं लिहिलं, पाच. मी न्हाई हो, हातानं! मॅडम म्हणाल्या, "पाच." हातानं लिहिलं आठ, वर लाल टिंब. मॅडम थांबल्या, सळई खोल खोल गेली... "आठ. रक्त आहे." मामा खुर्चीत आ वासून, आन् मी उभ्याउभ्या आ वासून!

आता शहाण्या माणसानं काय करावं? पेन खाली ठेवावं का न्हाई? आधी बोलणं, मग लिहिणं! पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याच्या बयाबाई आल्या. वय सत्तर, दात सगळे जाग्यावर, हिरडी अशी घट्ट की मॅडमबी खूश. "तीन, दोन, तीन... सुमित, हे काय? बावीस नंबरवर फुली?" बघतोय तर खरंच फुली! वरचा, डाव्या अंगाचा, पुढच्या दाताच्या शेजारचा. बयाबाई उठून बसल्या, "आरं माझ्या लेकरा, ह्यो बघ की दात, हाय न्हवं?" म्हणलं, हाय की आज्जी, चुकलं. व्हाईटनर लावला, फुंकर मारली, आज्जी गेल्या.

अर्ध्या तासात परत! पदर तोंडाला, पदराला रक्त. "यस्टीत चढाया गेले, डायव्हरनं गचका दिला, दांडा थोबाडावर..." मूठ उघडली. बावीस नंबर! मॅडमनी एकदा दाताकडं बघितलं, एकदा तक्त्याकडं. व्हाईटनरच्या खालनं फुली जशीच्या तशी वर आलेली. आज्जी जाताना माझ्या गालावरनं हात फिरवून म्हणल्या, "तुझी काय चूक न्हाई रं." मला लई वाईट वाटलं. कारण मला ठावं न्हाई ना! दात जाणार हुता म्हणून फुली आली, का मी फुली मारली म्हणून दात गेला? कुणाला इचारायचं?

तवापासनं पेन कानावर. आकडा कानात पडल्याबिगर हात उचलायचा न्हाई. आधी बोलणं, मग लिहिणं, आधी बोलणं, मग लिहिणं, आसं जप करतोय! आन् परवा कोरा तक्ता घ्यायला पॅड उचकटलं, तर मधीच एक भरलेला. अक्षर माझं. नाव... माझं! सगळीकडं तीन-दोन-तीन, आन् वरच्या मधल्या दोन दातांवर फुल्या. आन् तारीख? माझ्या हळदीची! पुढच्या महिन्यात दौंडच्या पूनमशी लग्न हाय हो माझं!

मॅडमला दाखवलं. त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं, सळई घातली, एकेक आकडा बोलल्या, सगळे तंतोतंत. पुढचे दोन दात हलवून बघितले. "पक्के आहेत रे. लाव व्हाईटनर." लावला. दोनदा लावला. वाळला की फुली हजर.

आता काय करणार? हळदीत नाचायचं न्हाई, एसटीत चढायचं न्हाई, पोरांच्या खांद्यावर बसायचं न्हाई, समदं ठरवलंय, पण हात काय खोटं लिहीत न्हाई. मग म्हणलं, हायत तवर वापरून घेऊ! ऊस सोलतोय तर पुढच्या दातानं. फोटो काढतोय तर दात काढून. पूनमचा व्हिडिओ कॉल आला की ओठ मिटतच न्हाई. आन् तिकडं दौंडात सासूबाई सगळ्या आळीला सांगत फिरत्यात, "काय सांगू बाई, जावई लई हसरा मिळाला!"