बोटभर जास्तीचं कापड

प्रांजली : नाही आजी, मी हात लावणार नाही. हे बघा, दोन्ही हात मांडीखाली घेतले.

गोजराबाई : अय्यो! दीड तास बसमध्ये उभी राहून के. आर. पुरमहून बेळ्ळंदूरला आलीय मी. एक बटण दाबून दिलंस तर काय बोटं झिजतील तुझी?

प्रांजली : परत परत यायला लागू नये म्हणूनच. आमच्या शुगरवाल्यांच्या ग्रुपचा नियम आहे. ज्याच्या घरात शुगर, त्याच्याच हातानं हे फोनमधलं पान बांधायचं. आम्ही शेजारी बसतो, वाट सांगतो, चहा देतो. बस.

गोजराबाई : कुणी काढला हा नियम? त्याला पोरंबाळं न्हाईत वाटतं.

प्रांजली : चुकीतून निघाला. आमच्यातला एक हरी, फार उत्साही. पंधरा घरांना त्यानं हे पान आयतं बनवून दिलं. मग तो गेला परदेशी. आणि एका सकाळी पंधराच्या पंधरा पानं बंद! कुणालाच ठाऊक नाही सुरू कुठून करायचं. आया नुसत्या फोनकडे बघत बसलेल्या.

गोजराबाई : ते खरं हाय म्हणा. मी शिवलेलं ब्लाउज उसवलं की बायका पण मलाच शोधत येतात.

प्रांजली : ब्लाउज एक दिवस थांबतं, आजी. बरं, आपण काय बांधतोय ते सांगा बघू एकदा.

गोजराबाई : परीक्षा घेतीस काय, अक्का?

प्रांजली : अक्का काय म्हणता? तुमच्या नातीसारखी मी.

गोजराबाई : शिकवणारी ती अक्का. ऐक. माझ्या नातीच्या, दिव्यश्रीच्या दंडावर ते बिल्ल्याएवढं नवं यंत्र चिकटवलंय. ते दर पाच मिनिटाला शुगरचा आकडा तिच्या दप्तरातल्या फोनला देतं. तो फोन आकडा आपल्या ह्या पानावर टाकतो. अन् हे पान मी कुठंबी बसून माझ्या फोनात बघायचं. सरी? बरोबर?

प्रांजली : सरी! माझ्या ऑफिसातल्या मॅनेजरला पण इतकं नीट सांगता येणार नाही. आता पासवर्ड. मी डोळे मिटते.

गोजराबाई : मीट. डी, आय, व्ही, वाय...

प्रांजली : मोठ्यानं नाही हो, आजी!

गोजराबाई : मग डोळे मिटून काय उपयोग! थांब, वेगळा टाकते. इंग्लिश अक्षरं मला मोठीच येतात, गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून. चालतंय ना?

प्रांजली : पळतंय. शाळा काय म्हणाली? त्यांना हे मान्य आहे ना?

गोजराबाई : हेडमिस बऱ्या हायत. म्हणाल्या, आकडा घरी दिसत असला, अन् तुमचा फोन आला, तर आमच्या मिस ग्लुकोज देतील. घरच्या माणसानं बसायला नको.

प्रांजली : आत्तापर्यंत तुम्ही बसायचात?

गोजराबाई : दोन वर्षं झाली. पोर सात वर्षांची असताना हे दुखणं लागलं. मुलगा गिरीराज दिवसभर गाडीवर, सून भव्या दुकानात. मग मीच. शाळेच्या जिन्याखाली बाक हाय, तिथं बसून हुक लावायचे, काजं करायची. मधल्या सुट्टीत तिचं बोट टोचायचं. आज भव्या बसलीय, शनिवारची अर्धी शाळा म्हणून. दिव्यश्रीचा वर्ग समोरच. दर तासाला ती खिडकीतनं मान वाकडी करून बघणार, मी हात वर करणार. तेवढंच. मग ती परत फळ्याकडं.

प्रांजली : आणि आता हे पान कुणाला हवंय? तुमच्या मुलाला?

गोजराबाई : तिला. परवा जेवताना म्हणाली, आजी, आता तू शाळेत येऊ नको. मुली मला आजीवाली म्हणतात.

प्रांजली : मग तुम्ही काय म्हणालात?

गोजराबाई : सरी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? अन् मशीनवर जाऊन बसले, तर सुईत दोरा ओवता येईना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चल, पुढचं सांग.

प्रांजली : पुढचं शेवटचंच. इथं अलार्मचा आकडा घालायचा. शुगर त्याच्या खाली गेली की तुमचा फोन वाजेल, तिचाही वाजेल. किती घालायचा ते तुम्हाला माहीत आहे.

गोजराबाई : माहीत हाय. घातला.

प्रांजली : एक, तीन, शून्य? आजी, हे एकशेतीस झालं.

गोजराबाई : दिसतंय मला.

प्रांजली : डॉक्टरांनी किती सांगितलाय?

गोजराबाई : ऐंशी. पण वाढत्या पोरीचं शिवताना आत बोटभर कापड जास्तीचं सोडायचं असतं. नंतर मग घट्ट व्हायला नको.

प्रांजली : हे बोटभर नाही, अख्खा तागाच सोडलाय तुम्ही! अहो, एकशेवीस म्हणजे ती एकदम ठणठणीत. तेव्हाही वाजेल. प्रार्थनेला वाजेल, गणिताला वाजेल. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघेल.

गोजराबाई : वाजला तर शाळा मला बोलावून घेईल.



प्रांजली : चहा निवला तुमचा.

गोजराबाई : निवू दे. तू पूस ते.

प्रांजली : मी नाही पुसणार. ठेवायचं तर ठेवा, पुसायचं तर तुम्हीच पुसा.

गोजराबाई : कठीण पोरगी हायस.

प्रांजली : सहावीत असताना मला झालं हे. नाशिकला. माझी आई पण यायची शाळेत, डबा द्यायच्या निमित्तानं. रोज. मी एकदा सगळ्यांसमोर ओरडले तिच्यावर. त्यानंतर आलीच नाही.

गोजराबाई : आता कुठं असते?

प्रांजली : तिथंच. माझं पान तिला दिसतं. माझ्या दंडावर पण तेच आहे, हे बघा.

गोजराबाई : मग सारखा फोन करत असेल.

प्रांजली : एकदाही नाही. तसं ठरलंय आमचं. पण मी सत्तरच्या खाली गेले की तिचं व्हॉट्सॲप ऑनलाइन दिसायला लागतं. लिहीत काही नाही. मी ज्यूस पिते, आकडा चढतो, मग ती जाते.

गोजराबाई : तुला हे कळतंय, ते तिला ठाऊक हाय?

प्रांजली : नाही. मी कधी बोलले नाही.

गोजराबाई : बोलू पण नको.

प्रांजली : नाही बोलणार.

गोजराबाई : खोडायचं बटण कुठलं?

प्रांजली : उजवीकडचं. बाण काढलाय त्याच्यावर.

गोजराबाई : एक. दोन. तीन. गेलं सगळं. आता आठ. शून्य. स्वल्प, जरा थांब, चष्मा पुसते. हां. ऐंशीच हाय ना?

प्रांजली : ऐंशीच. आता ते निळं बटण.

गोजराबाई : दाबू?

प्रांजली : तुमचं पान आहे.

गोजराबाई : दाबलं. नुसतं गोल फिरतंय. बिघडलं काय?

प्रांजली : बांधतंय ते. चहा घ्या तोवर. आता फोनवर उघडा. खाली ओढा बोटानं. अजून एकदा.

गोजराबाई : अक्का! एकशेबारा! हिरवं आलं! ही आमची दिव्यश्री?

प्रांजली : तुमचीच. आत्ता, ह्या मिनिटाची. वर्गात बसलेली.

गोजराबाई : मी केलं हे?

प्रांजली : तुम्ही केलंत. मी फक्त चहा केला.

गोजराबाई : अन् हा शेजारी आडवा बाण?

प्रांजली : म्हणजे वर जात नाही, खाली पडत नाही. मजेत आहे.

गोजराबाई : मजेत असू दे. एक विचारू? ती खिडकीकडं बघते का, ते ह्यात कळतं?

प्रांजली : नाही, आजी. ते नाही कळत.

गोजराबाई : असू दे. तेवढं ती घरी आली की मी तिलाच विचारीन.