छावणीला लागून एक गल्ली होती

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, खटावकडचा. आमच्याकडं घरटी एक फौजेत, तसा मीबी गेलो, लढायची हौस म्हणून न्हवं, चुलत्यानं नेऊन रांगेत उभं केलं आन् छाती भरली म्हणून घेतलं. पुढं शांतिसेनेत नाव आलं, बोटीनं लंकेला धाडलं. तिथं त्यांचं घरातल्या घरात पेटलेलं आन् मधी आमी.

लोकांस्नी वाटतं फौज म्हंजे निस्ती गोळीबारी. काय सांगू तुम्हाला, छावणीत सगळं रोजचंच. सकाळी चहा प्यायचा, मग सुरुंग पेरलाय का बघत रस्ता धरायचा, एकेक पाऊल टाकत जायचं, परत यायचं, मग वाळूची पोती भरायची, पावसानं फुटली की पुन्यांदा भरायची, लंगरला डाळभात, पत्र आलंय का इचारायचं, न्हाई आलं, पुन्यांदा पोती. विहीर एकच, कुंपणाला लागून, समोरच्या गल्लीतल्या बायाबी तिथंच पाण्याला यायच्या. प्रत्येक घागर बघायचा हुकूम व्हता.

त्यात पोन्नम्मा म्हणून एक म्हातारी, एकटीच राहायची. मला तमिळ तिनंच शिकवली, तन्नी म्हंजे पाणी, सोरू म्हंजे भात, वा म्हंजे ये, पो म्हंजे जा. मी चुकलो की घागर ठेवून हसायची.

मग एक दिवस रस्त्यावर सुरुंग फुटला. माझ्या पुढं चालणारा आमचा माने जागच्या जागी गेला, सकाळी माझ्याच मगातनं चहा प्याला व्हता. साहेब म्हणले, गल्लीतनं कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय, उद्या बारापातुर गल्ली मोकळी करा, घरं पाडायचीत, तमिळ कुणाला येती? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसलेली. म्हणलं, अम्मा, पो. ती म्हणली, एंगे? कुठं? आता कुठं ते मला सांगायला येत न्हवतं, आन् येत असतं तरी काय सांगणार व्हतो? माघारी जाऊन म्हणलं, साहेब, म्हातारी हाय, एकटी हाय. साहेब म्हणले, मान्याच्या घरीबी म्हातारी हाय. परत तिच्या दारात गेलो. तिनं तांदूळ पदरात बांधले, दाराला कुलूप लावलं, पाडायच्या घराला कुलूप, आन् किल्ली कमरेला खोचून चालायला लागली. मागं बघितलं न्हाई. दुपारी आमीच भिंती पाडल्या.

आता पेन्शनीत हाय. थोरला पोरगा चेन्नईजवळ ओरगडमला मोटारीच्या कारखान्यात, मीबी तिथंच गेटवर शिक्युरिटीत. हल्ली टीव्हीवर पुन्यांदा लंकेतलंच चाललंय, तोफा, समुद्राकाठी अडकलेली माणसं. आमच्या घरमालकीणबाईंची बहीण तिकडंच हाय, महिना झाला खबर न्हाई. परवा त्या जिन्यात थांबून म्हणल्या, तुमी फौजेतले, तुमी बघितलंय, खरं सांगा, त्यास्नी जित्तं सोडतील का? माझी दोनची ड्युटी, कंपनीची बस कोपऱ्यावर आलेली. एवढंच म्हणलं, बाई, तुमची बहीण खुशाल असू दे. आन् बस गाठली. दुसरं काय हाय हो माझ्याजवळ द्यायला.