कोपऱ्यातली फट

(फोटोंच्या फ्रेमा बनवायचं दुकान, संध्याकाळची वेळ. दोघे भाऊ. मोठा, दादा, स्टुलावर बसलेला; धाकटा, बारक्या, कामाच्या टेबलापाशी.)

दादा : चांगली झालीय. दे गिऱ्हाइकाला.

बारक्या : नीट बघ की.

दादा : बघितली.

बारक्या : दादा, त्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आहे. पट्टी वाकडी कापलीय.

दादा : चालतं.

बारक्या : चालतं? हे तू म्हणतोयस? अरे, केसभर फट दिसली तरी तू फ्रेम रस्त्यावर भिरकावायचास. समोरचा सायकलवाला हातातलं चाक सोडून ऐकत बसायचा. म्हणायचा, आज धाकट्याची बिनपाण्यानं झाली.

दादा : तेव्हा अंगात जोर होता.

बारक्या : मुद्दाम कापली मी ती.

दादा : हं.

बारक्या : हं काय, हं? मुद्दाम. परवा त्या मास्तरीणबाईंच्या फोटोवर काचेच्या आतून अंगठा उमटवला, तोही मुद्दाम. तू निमूट कागदात गुंडाळून दिलास. बाई परत घेऊन आल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा : कशाला करतोस असलं?

बारक्या : तू खेकसावंस म्हणून. दुसरं काय?

दादा : उगाच पट्टी वाया गेली.

बारक्या : चला, एवढं तरी बोललास. आज सकाळी वहिनी आली होती माझ्याकडे.

दादा : काय म्हणाली?

बारक्या : रडली. फ्रिज पुसायला काढला, तर मागच्या कोपऱ्यात तुझी इन्सुलिनची पेनं जशीच्या तशी. सीलसुद्धा तोडलेलं नाही. तिला बिचारीला वाटत होतं, तू रोज आतल्या खोलीत जाऊन टोचून घेतोस. दार लावून काय करत होतास रे?

दादा : बसत होतो.

बारक्या : नुसता?

दादा : पलंगावर. थोडा वेळ बसलो की बाहेर यायचो. तिला बरं वाटायचं.

बारक्या : कधीपासून चाललंय हे?

दादा : आठवत नाही. एक दिवस राहून गेलं. मग दुसऱ्या दिवशी हातच उचलेना.

बारक्या : मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. तू शिव्या द्यायचा थांबलास, तेही. वाटलं हसतील, पण नाही हसल्या. म्हणाल्या, इन्सुलिन काही फक्त रक्तातली साखर उतरवायला नसतं. मेंदूत ते सिरोटोनिन असतं ना, मन थाऱ्यावर ठेवणारं, त्याचा कच्चा माल आपल्या जेवणातून येतो. पण मेंदूच्या दारात ही गर्दी. त्याच्यासारखेच दुसरे घुसायला टपलेले. इन्सुलिन त्या दुसऱ्यांना हाताला धरून स्नायूंकडे कामाला लावतं, मग ह्याला आत वाट मिळते. इन्सुलिनच नसेल, तर हा आपला बाहेर ताटकळत, आणि आत कारखाना बंद.

दादा : तुला बरं समजलं.

बारक्या : दोनदा विचारून घेतलं. सगळं अजून कोणालाच कळलेलं नाही, असंही म्हणाल्या. मनासाठी वेगळ्या गोळ्या लागतील कदाचित. पण आधी हे.

दादा : म्हणजे टोचून घेतलं की बरं वाटेल.

बारक्या : वाटेल. हळूहळू. नक्की असं त्या बोलल्या नाहीत.

दादा : आणि टोचून घ्यावंसं वाटायला?

बारक्या : काय?

दादा : त्यालाही आधी बरं वाटायला पाहिजे ना.

बारक्या : हेच विचारलं मी त्यांना. मग म्हणाल्या, घरातल्या कोणीतरी टोचा.

दादा : कशाला त्रास तुम्हाला.

बारक्या : त्रास? पाय जाईल दादा, डोळे जातील. मग फट दिसायची कशी तुला?

दादा : आता दिसते. दिसून मी काय केलं?

बारक्या : (बाहीनं डोळे पुसतो.)

दादा : तू रडू नकोस.

बारक्या : रडत नाही. शर्ट वर कर. पेन घेऊन आलोय वहिनीकडून. किती द्यायचं ते त्यांनी नव्यानं ठरवून दिलंय.

दादा : हं. कर.

बारक्या : झालं. दुखलं?

दादा : नाही.

बारक्या : सुई वाकडी गेली माझ्याकडून. दुखलं असणार.

दादा : असेल.

बारक्या : मग ओरडायचं ना.

दादा : तू काय मुद्दाम केलंस का?

बारक्या : रोज येणार मी घरी. तू नको म्हणालास तरी येणार.

दादा : नको कशाला म्हणू? ये.

बारक्या : म्हण रे एकदा नको. भांड माझ्याशी.

दादा : दुकान बंद करू या का?

बारक्या : एक शिवी घाल आधी. एकच. त्या फटीसाठी. मग करू बंद.

दादा : बरं. कुठली घालू?

बारक्या : तुझी नेहमीची.

दादा : आठवत नाही. तू सांग, मी म्हणतो.