कंच्या पाड्याचा हाय तो?

आधी बाईंचं नाव लिवा. शेलार बाई. आमच्या आश्रमशाळेत मराठी शिकवायच्या. मी आज जो काय आहे तो बाईंमुळं, कारण माझे आईबाप कधी शाळेत गेले नाय, आणि दहावीनंतर बाई आमच्या पाड्यावर चालत आल्या आणि बाबांना म्हणाल्या, काशिनाथला शहापूरला कॉलेजात घाला, अर्ज मी भरते. आमचा पाडा तानशाच्या अंगाला, आटगाव स्टेशनापासून सायकलनं तासभर आत. तिथला पहिला बी.ए. मी.

बाबा तारपा वाजवायचे. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढं ताडाच्या पानांचा कर्णा. बाबा फुंकायचे आणि सगळा पाडा हातात हात घालून त्यांच्याभोवती फिरायचा. पण त्याचा नेम आहे. नवा भात घरात आला, देवाला दाखवला, नवं खाल्लं, की मगच तारपा फुंकायचा, त्याआधी तोंडाला लावायचा नाय.

आता माझं पाप सांगतो. कॉलेजातले मित्र एकदा नवं खायला आले होते. बाबा वाजवायला लागले तशी त्यांनी गाल फुगवून नक्कल केली, आणि मी, काय सांगू तुमाला, मी जाऊन बाबांना म्हटलं, बाबा, पुरे आता ते पोंपों, लोक हसतात. बाबांनी चुलीवरच्या आढ्याला तारपा टांगला, धुरात कीड लागत नाय म्हणून, आणि त्यानंतर किती वेळा नवं खाल्लं तरी खाली काढला नाय. मी वाशिंदला कंपनीत टाइमकीपर लागलो, पण ते शब्द काय परत घेता येईनात. माफी मागायला तोंड उघडायचो आणि म्हणायचो, बाबा, जेवलात का.

दोन हजार साल उलटल्यावर बाई निवृत्त होऊन नाशिकला लेकीकडं निघाल्या, तेव्हा मला बोलावून त्यांनी त्यांचा रेडिओ दिला. उपग्रहाचा. म्हणाल्या, वर्गणी भरलेली आहे, ऐक, जग ऐक. त्याचा वहीएवढा अँटेना, तो उघड्या आकाशाकडं बघायला पाहिजे. आमचं घर आंब्याखाली, म्हणून मी तो उडवीवर, म्हणजे आमी पेंढा रचतो ना त्या उंच ढिगावर, बांधला आणि वायर घरात घेतली.

आणि काय सांगू! खरखर नाय, काय नाय. कुठल्या तरी बर्फाच्या देशातल्या बाया चार आवाजांत गायच्या, चारी वेगळे आणि तरी एकच. पियानो मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला, वाटलं कळशीत थेंब पडतायत. भाषा कळायची नाय आणि अंगावर काटा यायचा. गाणं संपलं की मी नकाशात तो देश शोधायचो आणि त्यावर बोट ठेवून बसायचो. एवढं सगळं आपल्या डोक्यावरून जात होतं आणि आपल्याला पत्ता नाय! बाबा पडवीत बसून ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

होळीनंतर गाणं तुटायला लागलं, मग बंदच. वर्गणी संपली की काय म्हणून मी रेडिओच्या कंपनीला पत्र लिहायला बसलो, तर बाबा दारात हसतायत. म्हणाले, अरे बीए, तुजं गानं बैलांनी खाल्लं. बाहेर जाऊन बघतो तर खरंच, रोज पेंढा काढून उडवी कमरेएवढी झालेली आणि अँटेना आंब्याच्या आड गेलेला. बाबांनीच उंच बांबू आणून पुरला. मी आतून ओरडायचो, थोडं डावीकडं, आणि ते फिरवायचे. त्या दिवसापासून ते आत येऊन बसायला लागले.

एका रविवारी सकाळी आफ्रिकेतलं एक वाद्य लागलं. एकसारखं घुमत जाणारं. बाबा कोयत्याला धार लावत होते, हात थांबला. म्हणाले, कोन हाय रे? कंच्या पाड्याचा हाय तो? मी म्हटलं, समुद्रापलीकडचा आहे, बाबा. ते म्हणाले, खोटं नको बोलू, नाचणाऱ्याच्या पावलाला थांबतो बघ. मग डोळे मिटून बसले, बोटं गुडघ्यावर चालत होती. संपल्यावर हळूच म्हणाले, त्याचा पोरगा शिकलेला नसंल.

मी तिथंच त्यांचे पाय धरले. म्हटलं, चुकलो, बाबा, वाजवा. ते म्हणाले, सोड, कोयता लागंल. आनि आता चैतात वाजवू? नवं खाल्ल्याबिगर? येवडा शिकून काय शिकला रे तू? पण संध्याकाळी तारपा खाली काढला, सांध्यांना नवं मेण लावलं आणि परत टांगला. वाजवीन म्हणाले नाय, नाय वाजवणार असंही म्हणाले नाय. लावणी झाली, कापणी झाली, मी नुसता आढ्याकडं बघायचो.

मग बाईंना पत्र लिहिलं. कच्चं माझ्या वहीत आहे, तेच उतरवून घ्या.

तीर्थरूप बाईंना साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की काल आमच्याकडे नवं खाल्लं. जेवण झाल्यावर बाबा कुणाला काही न सांगता तारपा घेऊन खळ्यावर गेले. सूर ऐकून वरच्या पाड्यातली माणसं हातातली कामं टाकून आली. बाई, मी मोठेपणी पहिल्यांदा त्या गोलात शिरलो. पावलं चुकत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, साहेब, पायाकडं नको, बापाकडं बघ. बाबांचं आता वय झालं आहे. मध्येच दम तुटतो आणि सूर थांबतो. तेव्हा आम्ही सगळे आहोत तिथेच उभे राहतो. कुणी हात सोडत नाही.

आपला विद्यार्थी,
काशिनाथ